जीमॅटचा स्कोअर कमी का येतो, आणि तो वाढतो कसा

चिंचवडच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या मुलीने मागच्या वर्षी, एमबीएच्या प्रवेशासाठीची जीमॅट परीक्षा दिल्यावर, मला रात्री साडेअकराला मेसेज केला, "दादा, ६४५च आले. सगळं संपलं." तिच्या मामेभावाला काही वर्षांपूर्वी ७०० मिळाले होते आणि तेव्हापासून घरात तोच आकडा ठाण मांडून बसला होता. मी तिला लगेच फोन केला आणि सांगितलं, तुझे ६४५ म्हणजे त्याचेच ७०० आहेत. तिला वाटलं मी समजूत काढतोय.

समजूत नव्हती ती. जीमॅटची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३मध्ये आली आणि ३१ जानेवारी २०२४ला जुनी बंद झाली. जुना स्कोअर २०० ते ८००च्या पट्टीवर असायचा, शेवटचा आकडा नेहमी शून्य. नवा २०५ ते ८०५च्या पट्टीवर असतो, शेवटचा आकडा नेहमी पाच. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या, पण त्यांवरचं माप वेगळं. परीक्षा घेणाऱ्या जीमॅक या संस्थेनेच दोन्हींचा मेळ घालणारा तक्ता दिला आहे, आणि त्यात जुन्या ७००च्या शेजारी नवे ६४५ आहेत. म्हणून स्कोअर हातात आला की पहिली गोष्ट ही करा: एकूण आकडा बाजूला ठेवा आणि त्याच्याबरोबर आलेला पर्सेंटाइल वाचा. तुमच्यासारख्या शंभर जणांत किती तुमच्या मागे आहेत, हे तो सांगतो. जुनी परीक्षा दिलेल्या ओळखीच्यांशी तुलना करायचीच असेल तर ती पर्सेंटाइलने करा.

पण सगळ्यांचं दुःख असं फोनवर मिटत नाही. एका मुलाला ५६५ आले. त्याने तीन महिने रोज पहाटे उठून अभ्यास केला, हजारभर नवे प्रश्न सोडवले, पुन्हा परीक्षा दिली आणि ५७५ आले. खरं तर हे दहा गुण वाढलेच नव्हते. कोणत्याही मोजमापात थोडं मागेपुढे होतं, तसं जीमॅटच्या एकूण स्कोअरमध्ये सुमारे ३० ते ४० गुणांचं होतं. तोच माणूस त्याच तयारीनिशी दुसऱ्या दिवशी बसला तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणजे त्या तीन महिन्यांत तो होता तिथेच राहिला होता. मेहनत खरी होती, फक्त ती जिथे लागायला हवी तिथे लागली नव्हती. तो तिथे का अडकला, हे समजायला परीक्षा आतून कशी चालते ते पाहावं लागतं.

ही परीक्षा १९५४पासून घेतली जाते. १९९७मध्ये ती कागदावरून संगणकावर आली, आणि नुसती आली नाही, तर समोरच्या माणसाप्रमाणे बदलणारी झाली. आज तिचे तीन विभाग आहेत. क्वांटमध्ये, म्हणजे गणितात, २१ प्रश्न, व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजी वाचन आणि तर्कात, २३ आणि डेटा इनसाइट्समध्ये, म्हणजे दिलेली माहिती वापरून उत्तर काढण्यात, २०. प्रत्येकाला ४५ मिनिटं, प्रत्येकाचे वेगळे गुणही मिळतात, आणि एकूण स्कोअरमध्ये तिघांचं वजन सारखं. कोणता विभाग आधी सोडवायचा ते आपण ठरवतो.

आता बदलणारी म्हणजे काय? चष्म्याचा नंबर काढताना काय होतं ते आठवा. डॉक्टर एक भिंग लावतात, विचारतात, "हे स्पष्ट दिसतंय?" तुम्ही हो म्हणालात की पुढचं भिंग त्या उत्तरावर ठरतं. अंदाज हळूहळू बारीक होत जातो आणि शेवटी नंबर सापडतो. जीमॅट असंच करते. तुम्ही बरोबर उत्तर दिलं की संगणक तुमच्याबद्दलचा अंदाज थोडा वर नेतो आणि त्या पातळीचा प्रश्न देतो. चुकलात की अंदाज खाली येतो. त्यामुळे हुशार मुलालाही बरेच प्रश्न चुकतात आणि तेवढेच प्रश्न चुकलेल्या दोघांचे स्कोअर खूप वेगळे असू शकतात. शाळेपासून आपल्या अंगात मुरलेला हिशोब असा, की जितकी उत्तरं बरोबर तितके गुण. तो इथे चालत नाही.

यातून एक गोष्ट निघते आणि माझ्या मते सगळी तयारी तिच्यावर उभी राहायला हवी. सोप्या प्रश्नातली चूक कठीण प्रश्नातल्या चुकीपेक्षा फार महाग पडते.

का, ते साध्या हिशोबाने पाहू. आकडे समजावण्यापुरते मी घेतलेत. समजा एक सोपा प्रश्न आहे. तयारीची शंभर मुलं तो सोडवायला बसली तर ९५ जणांना येतो, पाच जणांचा चुकतो. कच्च्या शंभरांपैकी ६० जणांना येतो, ४० जणांचा चुकतो. आता तुमचा हा प्रश्न चुकला. संगणकाच्या दृष्टीने तुम्ही कच्च्या गटातले असण्याची बाजू आठपट भक्कम झाली, कारण पाचासमोर चाळीस. आता एक कठीण प्रश्न घ्या. तयारीच्या शंभरांपैकी ५० जणांना येतो. कच्च्यांपैकीही २० जणांना येतो, कारण पाच पर्याय असले की डोळे मिटून टिक केलं तरी पाचात एक बरोबर निघतोच. तो तुमचा चुकला तर पन्नासासमोर ऐंशी, म्हणजे दीडपटीपेक्षा किंचित जास्त. एका चुकीने संगणक तुमच्याविषयी आठपट शंका घेतो आणि दुसरीने फक्त दीडपट. आणि कठीण प्रश्न सुटला तरी त्याची पूर्ण शाबासकी मिळत नाही, कारण तो नशिबाने सुटला असेल ही शक्यता संगणक हिशोबात धरतो.

त्या मुलाचा सरावपरीक्षेचा निकाल आम्ही दोघांनी एकत्र बसून पाहिला तेव्हा हेच चित्र होतं. क्वांटमध्ये त्याचे आठ प्रश्न चुकले होते. त्यातले तीन खरंच अवघड होते आणि ते चुकण्यात वावगं काही नव्हतं. उरलेले पाच त्याला येत होते. वहीत त्याने ते माझ्यासमोर दीड दीड मिनिटात सोडवले. आणि तीन महिने त्याने काय केलं होतं? सर्वांत कठीण प्रश्नांची पुस्तकं शोधून शोधून सोडवली होती. जिथून गुण गळत होते तिथे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

ते पाच का चुकले, याची उत्तरं दोन होती: वेळ, आणि ज्याला सगळे सिली मिस्टेक म्हणतात ते.

आधी वेळ. क्वांटला ४५ मिनिटांत २१ प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे दोन मिनिटं आठ सेकंद. व्हर्बलला दोन मिनिटांना किंचित कमी, डेटा इनसाइट्सला सव्वादोन मिनिटं. त्या मुलाने तीन कठीण प्रश्नांवर प्रत्येकी पाच मिनिटं घालवली होती. गेली १५ मिनिटं. उरलेल्या १८ प्रश्नांना ३० मिनिटं, म्हणजे एकेकाला एक मिनिट चाळीस सेकंद. ते तीन प्रश्न तरी सुटले का? एकही नाही. आणि त्याची किंमत म्हणून शेवटचे पाच प्रश्न त्याने घाईत, अर्धवट वाचून टिक केले, ज्यात सोपेही होते. ज्या चुका आठपट महाग त्या विकत घेतल्या, दीडपटीची चूक टाळायला.

पहिले सातआठ प्रश्न जिवापाड जपा, स्कोअर तिथेच ठरतो, असं बरेच जण सांगतात. हा सल्ला ऐकून मुलं सुरुवातीला तीन तीन मिनिटं खर्च करतात आणि शेवटी धावतात. माझं स्पष्ट मत आहे की या एका सल्ल्याने खूप नुकसान केलं आहे. संगणक शेवटच्या प्रश्नापर्यंत अंदाज सुधारत असतो, आणि विभाग अपूर्ण राहिला तर वेगळा फटका बसतो. घड्याळाकडे दर प्रश्नाला पाहू नका, जीव घाबरतो. सात प्रश्न झाले की ३० मिनिटं उरलेली असावीत, चौदा झाले की १५. क्वांटसाठी एवढे दोन टप्पे पुरतात.

सोडून देणं आपल्याला जमत नाही, कारण लहानपणापासून शिकवलंय की हातात घेतलेलं गणित पुरं करायचं. इंजिनिअर मुलांना तर हे फारच जड जातं. म्हणून सोडण्याचाही सराव करावा लागतो. दोन मिनिटं झाली की स्वतःला एकच प्रश्न विचारा: पुढची पायरी मला माहीत आहे का? माहीत असेल तर अर्धा मिनिट आणखी घ्या. नसेल तर पटण्यासारखा पर्याय निवडा, प्रश्नाला खूण करा आणि पुढे जा. नव्या परीक्षेत विभागाच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. ही सोय सर्वांत कठीण प्रश्नांसाठी वापरू नका. ज्यांची पायरी दिसली होती पण आकडेमोडीत गोंधळ वाटला, त्यांच्यासाठी राखून ठेवा.

आता सिली मिस्टेक. हा शब्द मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना वापरू देत नाही. "सिली मिस्टेक झाली" म्हटलं की चूक तपासायची गरज संपते, पुढच्या वेळी लक्ष देईन असं म्हणून वही मिटता येते. आणि पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा होते, कारण ती लक्ष नसल्याने झालेलीच नसते. तिला स्वतःचा एक साचा असतो.

हा प्रश्न पाहा. एका वर्गात मुली मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त आहेत. तर मुलं मुलींपेक्षा किती टक्क्यांनी कमी? घाईत हात २५वर जातो. मुलं १०० धरली तर मुली १२५. फरक २५, पण आता तो १२५च्या तुलनेत मोजायचा, म्हणजे २० टक्के. ज्याने २५ टिक केलं त्याला टक्केवारी येत नाही असं नाही. टक्के कशाचे, हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय त्याला नाही. त्याची दहा वेगवेगळ्या प्रकरणांतली गणितं तपासलीत तर नफा-तोटा, मिश्रण, व्याज, सगळीकडे हीच एक चूक वेष बदलून बसलेली सापडेल. दुसऱ्या कुणाची चूक अशी असते, की क्षचा वर्ग ४९ दिसला की तो सात लिहितो, उणे सात विसरतो. तिसरा क्ष बरोबर काढतो, पण विचारलेलं असतं क्ष आणि यची बेरीज, आणि पर्यायांत क्षची किंमतही ठेवलेलीच असते. प्रश्न काढणाऱ्यांना या सवयी चांगल्या ठाऊक असतात.

म्हणून चुकांची वही ठेवा, पण ती प्रकरणानुसार लावू नका. "भूमितीय श्रेढी, दोन चुका" अशा नोंदीतून काही कळत नाही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर एक पूर्ण वाक्य लिहा, त्या क्षणी डोक्यात काय झालं ते. "पूर्णांक असं म्हटलेलं नव्हतं, मी धरून चाललो." "दोन पर्याय उरले होते, जो ओळखीचा वाटला तो घेतला." "चार मिनिटं झाली होती, सुटत नाही म्हणून चिडून टिक केलं." अशा चाळीसपन्नास नोंदी झाल्या की त्या चारपाच ढिगांत आपोआप पडतात. बहुतेकांच्या निम्म्या चुका एका किंवा दोन ढिगांत असतात. मग उपाय छोटा आणि नेमका असतो. टक्केवारीवाल्याने प्रत्येक टक्क्यापुढे "कशाचे" हा शब्द हाताने लिहायचा. क्ष-यवाल्याने सोडवायला घेण्याआधी कच्चं काम करायच्या फळ्याच्या कोपऱ्यात विचारलेली गोष्ट लिहून तिला गोल करायचा. चार सेकंद लागतात.

बरोबर आलेल्या प्रश्नांतलेही काही या वहीत यायला हवेत: जे अंदाजाने बरोबर आले, आणि जे बरोबर आले पण चार मिनिटं खाऊन. पुढच्या परीक्षेत त्यांचीच चूक व्हायची असते.

व्हर्बलबद्दल मराठी माध्यमातून आलेल्या मुलांशी मला विशेष बोलावंसं वाटतं, कारण त्यांच्या मनात इंग्रजीची भीती असते आणि ती आता बरीचशी अनाठायी आहे. जुन्या परीक्षेत व्याकरणाचे वाक्यदुरुस्तीचे प्रश्न होते, निबंध होता. दोन्ही गेलं. उरलं ते उताऱ्यांचं वाचन आणि तर्काचे प्रश्न. आणि तर्क कुठल्याही भाषेत तोच असतो. समजा एक जण म्हणतो, "आमच्या मार्गावर मेट्रो सुरू झाल्यापासून बसमध्ये उभं राहावं लागत नाही. म्हणजे लोक बस सोडून मेट्रोने जायला लागले." निष्कर्ष कोणता? लोक मेट्रोकडे वळले. पुरावा काय? बसमध्ये जागा मिळते. या दोहोंच्या मध्ये एक फट आहे: बसच्या फेऱ्या वाढल्या नसतील, हे त्याने न बोलता गृहीत धरलंय. कॉलेजांना सुट्ट्या लागल्या नसतील, हेही. गृहीतक विचारलं तर ही फट बुजवणारा पर्याय शोधायचा, युक्तिवाद कमकुवत करा म्हटलं तर फट उघडी करणारा. मराठी वर्तमानपत्रातले अग्रलेख आणि वाचकांची पत्रं घेऊन रोज एक निष्कर्ष, एक पुरावा आणि एक फट शोधायचा सराव मी मुलांना देतो. पर्याय वाचण्याआधी फट स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे. ती सांगता येत नसताना पर्याय वाचायला गेलात तर पाचही खरे वाटू लागतात.

उताऱ्यांचं भाषांतर मनात करत बसू नका, त्यात वेळ जातो आणि धागा सुटतो. परिच्छेद संपला की थांबून एका मराठी वाक्यात म्हणा, लेखकाने हा परिच्छेद कशासाठी लिहिला. त्यात काय माहिती आहे ते नको, कशासाठी ते हवं. "आधीच्या मताला इथे विरोध केलाय." "इथे फक्त उदाहरण दिलंय." तपशील लागला तर परत पाहता येतो, उतारा समोरच असतो.

डेटा इनसाइट्सकडे बरेच जण शेवटी वळतात, आणि ही मोठी चूक आहे. तिसरा हिस्सा त्याचा आहे, आणि तिथे चांगले गुण मिळवणारे कमी असल्यामुळे या विभागातल्या ८० गुणांचा पर्सेंटाइल क्वांटमधल्या ८०पेक्षा बराच वर असतो. क्वांटमध्ये आधीच चांगले असलेल्याला आणखी दोन गुण काढायला जितका घाम गाळावा लागतो, त्यापेक्षा कमी श्रमात इथे चार वाढू शकतात. इथे पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, पण खरी गरज असते थांबण्याची. उदाहरणार्थ, पेटीत आंबे किती आहेत? पहिली माहिती: ५०पेक्षा जास्त आणि ६०पेक्षा कमी. दुसरी: पाचपाचचे वाटे घातले तर एकही उरत नाही. उत्तर सांगता येण्याइतकी माहिती आहे का, एवढंच विचारलेलं असतं. एकटी पहिली पुरत नाही, एकटी दुसरी पुरत नाही, दोन्ही मिळून एकच संख्या उरते, पुरते. झालं. इथे संख्या एका नजरेत सापडते, पण जिथे लांबलचक समीकरण असतं तिथेही मुलं शेवटपर्यंत उत्तर काढतात आणि दीड मिनिट घालवतात.

मॉकविषयी थोडं. अधिकृत संकेतस्थळावर दोन पूर्ण सरावपरीक्षा फुकट मिळतात, आणि खऱ्या परीक्षेच्या सर्वांत जवळच्या त्याच. त्या पहिल्या आठवड्यात उधळू नका. दर दोन दिवसांनी मॉक देणं म्हणजे रोप रोज उपटून मुळं किती वाढली ते पाहणं आहे. एक मॉक, मग तिच्या तपासणीला निदान तितकेच तास, मग दहाबारा दिवस त्यातून निघालेल्या एकदोन गोष्टींवर काम, मग पुढची मॉक. तीच मॉक पुन्हा दिली तर ओळखीचे प्रश्न येतात आणि आकडा फुगतो, त्यावर विसंबून तारीख घेऊ नका. खऱ्या परीक्षेनंतर प्रश्न दिसत नाहीत, पण निकालाच्या अहवालात विषयवार कामगिरी आणि वेळेचा वापर दिलेला असतो. ५६५वाल्या मुलाने पहिल्या परीक्षेनंतर तो अहवाल उघडलाच नव्हता, कारण आकडा पाहून त्याला परत तिकडे बघवलं नाही. मला हे समजतं. तरी तो उघडा, हवं तर चार दिवसांनी उघडा.

पुन्हा परीक्षा द्यायला दोन वेळांत १६ दिवसांचं अंतर लागतं, आणि १२ महिन्यांत पाच वेळा बसता येतं. पण १६ दिवसांनी लगेच बसण्यात अर्थ तेव्हाच, जेव्हा ताप होता, झोप झाली नव्हती किंवा मॉकमध्ये सातत्याने बराच वरचा स्कोअर येत होता. सवय बदलायची असेल तर सहा ते आठ आठवडे धरा. परीक्षेची फी एकेका वेळेला वीस हजार रुपयांच्या वर जाते, तीही या हिशोबात घ्या.

आणि कधी देऊ नये, हेही पाहा. आपल्याला हव्या त्या व्यवस्थापनाच्या शाळा, म्हणजे बिझनेस स्कूल, मग ती हैदराबादची आयएसबी असो की फ्रान्समधली इन्सियाड, निवडलेल्या वर्गाच्या स्कोअरची माहिती देतात. तुमचा स्कोअर त्या पट्ट्यात मध्याच्या आसपास असेल, तर आणखी वीस गुणांनी प्रवेशाची शक्यता फारशी हलत नाही, आणि प्रवेशअर्जातले निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत यांना मिळायचे दोन महिने मात्र जातात. स्कोअर पाच वर्षं ग्राह्य असतो. परदेशातल्या अशा बऱ्याच शाळांची प्रवेशअर्जांची पहिली फेरी सप्टेंबरात आणि दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. म्हणजे जूनअखेर मनासारखा स्कोअर आला नाही तर पहिल्या फेरीआधी एक नीट प्रयत्न बसतो. ऑक्टोबरात आला नाही तर दुसरी फेरी धरून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख घ्यावी, त्यानंतरची नको.

चिंचवडच्या मुलीने पुन्हा परीक्षा दिली नाही, तिने ते आठ आठवडे निबंधांना दिले. त्या मुलाने दिली. मधल्या दोन महिन्यांत त्याने एकही नवं पुस्तक घेतलं नाही, जुने चुकलेले प्रश्नच पुन्हा पुन्हा सोडवले, आणि दर शनिवारी सकाळी २१ प्रश्नांचा एक संच घड्याळ लावून, त्यातले तीन प्रश्न ठरवून सोडून देत. तिसऱ्या वेळी त्याला ६२५ आले.